जमिनीवर कुणीतरी हवं

हेलिकॉप्टर युनिटचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, म्हणून ताबा घेतला त्या दिवशी विंग कमांडर प्रसेनजीत कुरणेने आपल्या वैमानिकांना सांगितलं होतं, "मी खुर्चीतला सीओ होणार नाही. तुम्ही जेवढं उडाल तेवढंच मी उडेन." पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ही दोन हजार चारच्या हिवाळ्यातली गोष्ट. पुढच्या वर्षीचा पावसाळा येईपर्यंत त्या शब्दातलं फारसं काही उरलं नव्हतं.

त्यात आळस नव्हता की टाळाटाळ नव्हती. सकाळी तो उड्डाणाचा निळा ओव्हरऑल चढवून ऑफिसात यायचा आणि संध्याकाळी तसाच, एक सुरकुतीही न पडता, घरी जायचा. मधल्या वेळात कुणाच्या क्वार्टरचं छत गळत असायचं, कुणा एअरमनची बायको माहेरी निघून गेलेली असायची. सुट्या भागांसाठी वरच्या कार्यालयाशी भांडावं लागायचं. ऑडिटवाले यायचे, ते गेले की पाहुणे यायचे. सही करता करता बाहेरून पात्यांचा आवाज आला की त्याचा हात थांबायचा. नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, आत्ता कोण उतरवतंय, आणि घाईत उतरवतंय की सबुरीने.

नव्वदच्या दशकात तो स्वतः तरणाबांड फ्लाइट लेफ्टनंट होता. हिमालयातल्या चौक्यांवर रसद पोहोचवताना मुठीएवढ्या जागेत हेलिकॉप्टर टेकवायचा. तेव्हाचा त्यांचा सीओ कधीमधीच उडायचा. पोरं त्याला पाठीमागे 'पेपरवेट' म्हणायची, आणि हे नाव ठेवलं होतं प्रसेनजीतनेच. आता आपल्याला काय नाव पडलंय हे त्याला माहीत नव्हतं. पण पडलं असणार, एवढी खात्री होती.

युनिटमध्ये प्रसेनजीतखेरीज कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस एकच, फ्लाइट लेफ्टनंट राजवीर खोत. गडहिंग्लजच्या बाजूचा, ऊस आणि म्हशींवर चालणाऱ्या घरातला. चारचौघांत दोघं हिंदी-इंग्रजीत बोलायचे, एकटे सापडले की गावच्या बोलीवर यायचे. प्रसेनजीतने त्याला स्वतः शिकवलं होतं. पोराच्या हाताला देणगी होती, पण मन फार मऊ. कुणीही सुट्टी मागितली की हा आपली ड्युटी बदलून द्यायचा. एकदा तर ओळीने तीन सणांना तो तळावरच राहिला.

"लगा, कधीतरी न्हाय म्हणायला शीक," प्रसेनजीत म्हणायचा.

"शिकतो की सर," म्हणून राजवीर हसायचा, आणि तेवढ्यावर ते संपायचं.

जुलैच्या अखेरीस पंचगंगा, वारणा, कृष्णा एकदमच फुगल्या. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, शिरोळकडची गावं बेटं झाली. युनिटला हुकूम आला आणि तीन हेलिकॉप्टरं कोल्हापूरला, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरली. तुकडीबरोबर कुणाही स्क्वाड्रन लीडरला पाठवता आलं असतं. पण मुलूख आपला, माणसं आपली, म्हणून प्रसेनजीत स्वतः आला.

विमानतळाच्या लहानशा इमारतीत एक खोली मिळाली. तिथं एक टेबल, भिंतीवर नकाशा, कलेक्टर कचेरीचा फोन आणि वायरलेसचा संच. प्रसेनजीत तिथं बसला आणि उठायलाच मिळेना. कुठलं गाव आधी, कुठलं मागाहून, कुठं माणसं उचलायची, कुठं नुसती पाकिटं टाकायची. कुणाला वरून पूर बघायचा होता, कुणाला सासरवाडीची माणसं आधी काढून हवी होती. त्या सगळ्यांना नाही म्हणायचं काम त्याचं. त्याने एक साधा नियम घालून दिला होता. धावपट्टीवरून टेंबलाईची टेकडी दिसेनाशी झाली की उड्डाण बंद, मग फोनवर कुणीही असो. हे काम त्याला चांगलं जमत होतं. वैमानिक थकलेले होते, पण सगळे धडधाकट परत येत होते. जमिनीवर कुणीतरी ठामपणे बसलेलं असलं की वरच्याचं डोकं शांत राहतं, हे तो स्वतःच पोरांना शिकवायचा.

त्याचे आईवडील टेंबलाईवाडीत राहत होते, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. पण पहिले काही दिवस त्याला घरी जाता आलं नाही. एका सकाळी वातावरण कोंदलेलं होतं, उड्डाणं उशिरा सुरू होणार होती, तेव्हा आंघोळीपुरता तो गेला. आईने, मीनाबाईने, गरम पाणी काढलं, भाकरी थापली. वडील दादासो दारातल्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी सगळा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत साचे भरण्यात घालवला होता. पोरगा वैमानिक झाला तेव्हा भट्टीपासून गेटपर्यंत एकूणएक माणसाला त्यांनी पेढा दिला होता.

"आक्काचं काय कळलं?" दादासोंनी विचारलं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. शिरोळकडच्या गावात, नदीच्या अंगाला असलेल्या बौद्धवाड्यात ती राहायची.

"अजून वाड्यात पाणी शिरलेलं नाही. लक्ष आहे माझं."

दादासोंनी बाहेर आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "हेलिकॉप्टर वरनं गेलं की गल्लीतली माणसं बाहेर येत्यात. इचारत्यात, तुमचा प्रसेनजीत हाय का त्यात. मी काय सांगू?"

"सांगा की, तो खाली बसून पाठवतोय."

"खाली बसून." त्यांनी तो शब्द चाखून बघितल्यासारखा म्हटला. "मीबी शेवटला सुपरवायझर झालतो. साच्याला हात लावायचा न्हाय, नुसतं बोट दाखवायचं. घरी आलो की हाताला काय लागलेलंच नसायचं. मग हितं परसात माती उकरत बसायचो, कायतरी धुवायला पायजे म्हणून." त्यांनी लेकाच्या हाताकडे बघितलं. "तुझं हात सायबाचं झाल्यात बघ."

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्रसेनजीतने तो हसण्यावारी नेला असता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. त्याच्या तीन मुख्य वैमानिकांपैकी सर्वांत अनुभवी माणूस तापाने फणफणला होता, त्यामुळे एक हेलिकॉप्टर धावपट्टीवर नुसतं उभं होतं. दुसरं सांगलीच्या बाजूला गेलेलं. तिसरं घेऊन राजवीर नुकताच परतला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि प्रसेनजीतने त्याला पुढचा हुकूम होईपर्यंत उडायला मनाई केली होती. तेवढ्यात कलेक्टर कचेरीचा फोन आला. शिरोळकडच्या त्या गावात रात्रीतून पाणी चढलं, बौद्धवाडा बुडाला, माणसं समाजमंदिराच्या स्लॅबवर बसली आहेत, आणि पाणी अजून वाढतंय.

सांगलीकडचं हेलिकॉप्टर परतायला फार वेळ लागणार नव्हता. थांबता आलं असतं. कदाचित थांबायला नकोच होतं, कारण स्लॅबवर म्हातारीकोतारी होती. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि पुढे कितीतरी दिवस प्रसेनजीत त्या दोन्ही आलटून पालटून स्वतःला सांगत राहिला. पण त्या क्षणी त्याने तसला काही विचार केला नाही. फोन ठेवतानाच त्याचा दुसरा हात हेल्मेटकडे गेला होता.

"राजवीर, तू बस इथं," तो म्हणाला. "मी येईपर्यंत ही खुर्ची तुझी. कुणी काहीही मागू दे, मला विचारल्याशिवाय मशीन हलायचं नाही."

"हो सर."

"आणि जरा डोळे मीट."

"तुम्ही जावा की सर, मी हाय," राजवीर म्हणाला. आपला सीओ चाललाय याचा त्यालाच जास्त आनंद झालेला दिसत होता.

हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं आणि कित्येक महिन्यांचं ओझं प्रसेनजीतच्या खांद्यावरून उतरलं. हातापायांना सगळं आठवत होतं. खाली ओळखीचा मुलूख अनोळखी झाला होता. उसाची नुसती शेंड्यांची पाती पाण्यावर दिसत होती, विजेच्या खांबांची फक्त डोकी. एका उंचवट्यावर म्हशी अंगाला अंग लावून उभ्या होत्या. कुठं कौलं, कुठं देवळाचा कळस, आणि बाकी सगळं गढूळ, सरकत राहिलेलं पाणी. दृश्य भयंकरच होतं. तरी त्याच्या छातीत जे भरून आलं ते दुःख नव्हतं, आणि त्याला ते समजत होतं.

समाजमंदिराच्या स्लॅबवर माणसं दाटीवाटीने बसली होती. हेलिकॉप्टर टेकवण्याइतकी जागा नव्हती. वर एका जागी तरंगत राहायचं आणि दोराचा पट्टा सोडून एकेकाला ओढून घ्यायचं, एवढाच मार्ग होता. वारा आडवा होता, शेजारी विजेची तार होती. अशा वेळी वैमानिकाचं सगळं जग तळहाताएवढं होतं. समोरच्या भिंतीवरची एक खूण धरायची आणि ती इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. मागून दोर सोडणारा सार्जंट सांगत होता, एक फूट डावीकडे, बस्स, धरा. पहिली वर आली ती पोराला पोटाशी बांधलेली एक बाई. मग एक म्हातारा. मग आक्का. पट्ट्यात लोंबकळतानाही तिने डोक्यावरचा पदर दातात धरून ठेवला होता.

त्याच वेळी कानात आवाज आला. तुटक, खरखरता. "सर, राजवीर... शाहूवाडीकडून... साप चावलाय... जाऊ का... सर?"

आक्का अजून दारात पोहोचली नव्हती. भिंतीवरची खूण जराशी हलली.

"स्टँडबाय," प्रसेनजीत म्हणाला. थांब.

आक्का आत आली. सार्जंटने पुन्हा पट्टा खाली सोडला. अजून एक माणूस वर आला, अजून एक. हेलिकॉप्टर भरलं तेव्हा तो वळला आणि उंचावरच्या शाळेच्या मैदानात सगळ्यांना उतरवून पुन्हा स्लॅबकडे निघाला. मधल्या वाटेत हात मोकळे होते. बोलायला सवड होती. पण राहिलेली माणसं कशी बसली आहेत, वारा फिरलाय का, याचाच तो विचार करत होता. दुसरी खेप निम्मी झाल्यावर त्याला एकदम आठवलं.

"राजवीर, बोल."

उत्तर आलं नाही. संचात बिघाड असेल, लांबून आवाज पोचत नसेल, असं त्याला वाटलं. वाड्यातलं शेवटचं माणूस काढूनच तो परत फिरला. उजळाईवाडी दिसू लागली तेव्हा टेंबलाईची टेकडी ढगात गेली होती, आणि धावपट्टीवर राजवीरच्या हेलिकॉप्टरची जागा रिकामी होती.

काय झालं ते मागाहून जोडजोडून कळलं. शाहूवाडी तालुक्यातले हंबीरराव नावाचे एक गृहस्थ कामानिमित्त कोल्हापुरात अडकून पडले होते. घराकडून पोलिसांच्या वायरलेसवर निरोप आला, की त्यांच्या भावजयीला साप चावलाय आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे दवाखान्याची वाट बंद आहे. ते थेट विमानतळावर आले. आरडाओरडा केला नाही, कुणाचं नाव सांगितलं नाही. राजवीरच्या समोर बसून ते रडू लागले. राजवीरने वायरलेसवर सीओला विचारलं. 'थांब' असं उत्तर आलं. तो थांबला. टेंबलाईच्या टेकडीवरचं देऊळ धूसर झालं होतं, पण अजून दिसत होतं. थोड्या वेळाने तो उठला, आपल्या जोडीदार वैमानिकाला हाक मारली आणि निघाला.

शाहूवाडीच्या खोऱ्यात ढग भाताच्या खाचरांपर्यंत उतरले होते. दोन डोंगरांमधून गेलेली विजेची तार त्याला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. हेलिकॉप्टर खाचरात आदळलं. चिखल होता म्हणून माणसं वाचली, असं सगळेच म्हणाले. जोडीदार वैमानिकाचा हात मोडला. राजवीरच्या पाठीचा कणा दबला होता.

प्रसेनजीत त्याला भेटायला गेला तेव्हा तो कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात सपाट फळीवर उताणा पडला होता. पाय हलत होते, ही डॉक्टरांच्या मते मोठी गोष्ट. पुन्हा उडण्याचं मात्र नाव काढायचं नाही, असं त्यांनी प्रसेनजीतला बाहेरच सांगितलं होतं. राजवीरला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणंही प्रसेनजीतचंच काम होतं.

"सर, ती बाई वाचली म्हणं," राजवीर छताकडे बघत म्हणाला.

"हो. गावातल्या लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळ्या बांधल्या आणि तिला ओढ्यापलीकडं नेलं. वेळेत सुई मिळाली."

"म्हंजे माझं कामच नव्हतं तितं." राजवीरला हसू आलं, आणि हसण्याने कळ आली म्हणून त्याने डोळे मिटले. "बरं झालं पण. हंबीरराव येऊन गेले. लई रडले परत."

प्रसेनजीतने स्टूल जवळ ओढलं. "राजवीर, तू मला विचारलंस तेव्हा मी थांब म्हणालो. परत का नाही हाक मारलीस?"

राजवीरने डोळे उघडले.

"खरं सांगू सर?"

"सांग."

"तुमचा आवाज लई दिवसांनी तसा ऐकला. एकच शब्द बोलला तुम्ही, पण खूश हुता. मला वाटलं, किती महिन्यांनी उडायला मिळालंय सरांना, कशाला मधी मधी करा. हुईल आपल्यानंच." मग जरा थांबून म्हणाला, "आनि समोर बसलेल्या माणसाला न्हाय म्हणता आलं न्हाय. तुम्ही असता तर म्हटलं असतं."

प्रसेनजीतला वाटलं, राजवीरने आपल्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात ते तुला सांगायचंय मला."

"उडायचं बंद, हेच न्हवं?" राजवीर म्हणाला. "कळलंय मला. नर्सबाई माझ्याकडं बघत न्हाईत म्हटल्यावर कळलं."

राजवीरचे आईवडील गडहिंग्लजहून लांबच्या फेऱ्याने पोचले होते. आई पोराच्या उशाशी बसली. वडील, आण्णा खोत, बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. प्रसेनजीत बाहेर आला तसे ते उठून उभे राहिले. त्याने त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसला.

"सायेब, पोराला जा म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग आडवायला कोण हुतं तितं?"

"मी होतो." प्रसेनजीत म्हणाला. "म्हणजे मी असायला हवा होतो."

"आनि तुमी कुठं हुता?"

"मी उडत होतो."

आण्णांनी मान हलवली, हळूहळू, जसा एखादा हिशेब पटावा. "मानसं काढत हुता न्हवं?"

"हो."

"मग तुमचं चुकलं तरी कसं म्हणायचं," आण्णा म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी प्रसेनजीतकडे बघितलं नाही. टोपी डोक्यावर घातली आणि ते पोराजवळ निघून गेले.

पाणी ओसरलं. भिंतींना गाळाचे पट्टे राहिले. बौद्धवाड्यातल्या लोकांनी समाजमंदिर धुऊन काढलं आणि पहिला कार्यक्रम ठरवला तो प्रसेनजीतच्या सत्काराचा. आपल्या वाड्यातल्या रक्ताचा माणूस आभाळातून आला आणि आपल्याला घेऊन गेला, ही गोष्ट पोराबाळांपर्यंत पोचली होती. आक्का ती रोज नव्याने सांगत होती. निरोप घेऊन दादासो स्वतः विमानतळावर आले.

"मी येणार नाही," प्रसेनजीत म्हणाला.

"का?"

"माझा एक माणूस पडलाय तिकडं."

"ते मला कळतंय. पण वाड्यातली चाळीस-पन्नास मानसं तुझ्यामुळं जित्ती हायत. ती काय खोटी हायत व्हय?"

"नाहीत."

"मग?"

खरं सांगायचं तर बापाच्या त्या दारातल्या बोलण्यापर्यंत जावं लागलं असतं, आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात ते बांधायची त्याची तयारी नव्हती. दोष तिथं नव्हताच. दादासोंनी फक्त हात बघितले होते. हेल्मेट त्याने स्वतः उचललं होतं.

"तुम्ही जावा आबा," तो म्हणाला. "माझ्या वतीनं जावा."

दादासो गेले. शाल अंगावर घेऊन, हार घालून घेऊन परत आले. कार्यक्रमात कोण काय बोललं हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. शाल घडी करून कपाटात ठेवली आणि मीनाबाईला म्हणाले, "त्याला सांगू नको, पण लई मानसं आलती."

चौकशी तळावर झाली. चौकशी अधिकारी एक एअर कमोडोर होते, जुने हेलिकॉप्टरवाले, प्रसेनजीतला ओळखणारे. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हे सरळ आहे कुरणे. तुम्ही स्पष्ट हुकूम दिला होता. त्याने तो मोडला. तुमचं उड्डाण गरजेचं होतं आणि तुम्ही ते उत्तम केलंत. इथं विषय संपतो."

विषय खरोखरच संपला असता. राजवीरच्या नावावर हुकूम मोडल्याचा शेरा बसला असता, आणि पाठ मोडलेल्या माणसाला तो जन्मभर पुरला असता.

"सर, त्याने मला विचारलं होतं," प्रसेनजीत म्हणाला. "मी त्याला थांब म्हणालो आणि विसरलो. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला त्या खुर्चीत बसवून गेलो, आणि तोही थकलेला. हेही लिहून घ्या."

"यात चूक कसली? तरंगत असताना कुठलाही वैमानिक थांबच म्हणेल."

"वैमानिक म्हणेल, सर. मी त्यांचा कमांडरही होतो. तिथं जाण्याची गरज होती, हे खरं. पण मला जायचंच होतं, हेही खरं. ही गरज नसती तर मी दुसरी एखादी शोधून काढली असती."

एअर कमोडोरांनी पेन खाली ठेवलं. "हे बोलून तुम्हाला काय मिळणार आहे, ठाऊक आहे ना?"

"हो सर."

मिळालं ते असं. राजवीरवर ठपका आला नाही. तब्येत सुधारल्यावर त्याला जमिनीवरच्या शाखेत घेतलं जाईल, असं ठरलं. प्रसेनजीतवर वरिष्ठांची अधिकृत नाराजी नोंदवली गेली. म्हणजे पुढची बढती गेली, हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. युनिट मात्र त्याच्याकडेच राहिलं, मुदत संपेपर्यंत.

त्या उरलेल्या महिन्यांत तो आधीपेक्षा जास्त उडाला. दर आठवड्याचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी खुर्चीत कोण बसणार हेही ठरलेलं. बसणारा माणूस तो निवडून घ्यायचा, हट्टी आणि तोंडाळ. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, हे आधीच जमायला हवं होतं, किती सोपं आहे. पण वर गेल्यावर त्याचं अर्धं लक्ष कानात असायचं. एकदा इंधनाच्या गाडीबद्दलचा साधा प्रश्न वायरलेसवर आला, तर टेकायला आलेलं हेलिकॉप्टर त्याने पुन्हा वर उचललं, आधी उत्तर दिलं आणि मग उतरला. शेजारचा तरुण वैमानिक त्याच्याकडे बघत राहिला. ते खांद्यावरून ओझं उतरणं पुन्हा कधी झालं नाही.

ताबा देण्याच्या दिवशी नवा सीओ, त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आणि उत्साही, चहा पिताना म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. सीओने उडायचं किती?"

प्रसेनजीतने प्रामाणिकपणे विचार केला. "आधी मी फार कमी उडायचो, म्हणून भूक साचली," तो म्हणाला. "ज्या दिवशी उडू नये त्याच दिवशी उडालो. बरोबर किती, ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं तर मला कळवा."

नवा सीओ हसला, आणि मग समोरचा हसत नाही हे बघून थांबला.

दिल्लीच्या ऑफिसात रुजू व्हायला अजून अवधी होता. प्रसेनजीत आईवडिलांकडे आला आणि एका सकाळी साध्या कपड्यांत गडहिंग्लजची एसटी पकडली. खोतांचं घर शोधत तो गोठ्याच्या बाजूने आत आला. आण्णा म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी वळून बघितलं, ओळखलं, आणि हातातली वैरण टाकून संपवली.

"या पावणं," ते म्हणाले. मग आत वळून हाक दिली, "राजू, कोल्लापूरचं पावणं आल्यात."

सायेब म्हणाले नाहीत. ते परकेपणाने म्हणाले की माणसात घेऊन, हे प्रसेनजीतला ठरवता आलं नाही.

राजवीर कमरेला पट्टा बांधून, जपून पावलं टाकत बाहेर आला. वजन वाढलं होतं, चेहरा तुकतुकीत झाला होता. पुढच्या महिन्यात कामावर रुजू होणार होता. "वायरलेसवर बसवणार हायत मला," तो म्हणाला. "पोरं वरनं इचारणार, मी खालनं सांगणार."

"आणि न्हाय म्हणायची वेळ आली तर?"

"तेच शिकाय लागलोय. अव्वा दुसऱ्यांदा भात वाढाय लागली की न्हाय म्हणतो. अजून तरी ती ऐकत न्हाय." तो भिंतीला टेकून उभाच राहिला, कारण खाली बसणं त्याला जड जात होतं. "तुमचं कसं चाललंय सर? उडताय न्हवं?"

"दिल्लीत टेबल आहे."

"मग सुट्टीच्या दिवशी एखादा क्लब गाठा. लहान विमान का असंना. सोडू नका."

आतून अव्वाने, राजवीरच्या आईने, ताटं मांडल्याचं सांगितलं. आण्णांनी हात धुतले आणि टॉवेल खांद्यावर टाकत ते म्हणाले, "बोलत काय हुबं ऱ्हायलाय. चला, भाकरी निवाय लागली." राजवीरने एक हात भिंतीला धरला. दुसरा प्रसेनजीतच्या खांद्यावर ठेवला, आधारासाठी, आणि दोघं सावकाश उंबरा ओलांडून आत गेले.